कुत्र्यांच्या गळ्यातले लाल दोरे

२७ जानेवारी

आधी दुरुस्ती. परवा, पंचवीस तारखेला, मी इथे लिहिलं आहे — 'लस थंडगार होती, सगळं व्यवस्थित पार पडलं.' हे खोटं आहे. लस थंड नव्हती. पेटीतल्या बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं होतं आणि बाटल्या हाताला कोमट लागल्या. कोमट — हाच शब्द तेव्हा मनात आला होता. लिहिताना मी तो गिळला.

पान फाडत नाही. आजोबांनी चुलीशेजारी बसवून अक्षरं शिकवली तेव्हाच सांगितलं होतं, चुकलेलं पुसायचं नाही, खाली तारीख घालून बरोबर लिहायचं. शाळा डोंगरापलीकडे होती, त्यामुळे मी मोठी होईपर्यंत तेच माझे मास्तर. जनावरांचे डॉक्टर, आणि शिकवायला मी एकटी! त्यांच्या आवाजातच ऐकू येतंय — 'युनझी, जे झालं ते लिही. जे व्हायला हवं होतं ते नको.'

तर जे झालं ते असं. शनिवारी आमचं वर्षाचं डुक्कर कापलं. सगळी आळी जेवायला. रक्ताच्या वड्या, काळीज, आतडी — फ्रिज ठासून भरला. मी वाढण्यात. आईने फ्रिजमधली लसीची पेटी काढली आणि चुलीवरच्या फळीवर, जुन्या रजईच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली. का? तर बाटल्या गारठ्याने तडकतील म्हणून! सकाळी मला स्वतःहून सांगितलं, मायेने — 'एवढी थंडी गं, काचच ती. मी आपली उबेला ठेवली.' संबंध रात्र. ही लस उबेत मरते हे मला पक्कं ठाऊक आहे. आईला कोणी सांगितलं होतं? मी नाही सांगितलं.

आणि तोवर अंगणात लोक कुत्री धरून उभे. कोणी दोरीने, कोणी काखेत. आजोबा खुर्ची टाकून मध्ये बसलेले, सगळ्यांना सांगत — 'आज सुई नातीची. मी नुसता बघणार.' मी पेटी उघडली. हात लावला. आणि टोचायला लागले.

एकेक कुत्र्याच्या गळ्यात लाल लोकरीचा दोरा बांधला. दोरा म्हणजे लस झाली, मोकळं सोडलं तरी चालेल. दोरा नसेल त्याला बांधून ठेवायचं — जंगलाच्या चौकीचा नियम. कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग वर जंगलात गेला तर बांडं अस्वल वाचत नाही. (चौकीतले सगळे पांडा म्हणतात. गावात अजून बांडं अस्वलच.)

म्हणजे मी कुत्र्यांना पाणी टोचलं आणि गळ्यात परवाना बांधला.

२८ जानेवारी

स्वतःला सांगून पाहिलं, सगळ्याच बाटल्या वाया गेल्या नसतील. फळीच्या कडेला असलेल्या थोड्या वाचल्या असतील. मग विचारलं, कडेला कोणत्या होत्या? आणि त्या कोणत्या कुत्र्यांना गेल्या? माहीत नाही.

३० जानेवारी

चौकीवर तिथल्या प्रमुख छू मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. 'यंदा खालच्या गावात एकही कुत्रं बिनदोऱ्याचं नाही. युनझीकडून शिका.' टाळ्या. मी हसले सुद्धा! कसं हसू आलं मला?

परत येताना शी काका बरोबर होते. गस्तीवर तेच जातात, माझ्या जन्माच्या आधीपासून. म्हणाले, 'अक्रोडाच्या घळीत पांडाची मादी उतरली आहे बघ. पोर घेऊन. दीड वर्षाचं असेल. विष्ठेत बांबूचे तुकडे दोन मापांचे — आईचे लांब, पोराचे आखूड. पोर अजून नीट चावत नाही, आळशी आहे, अगदी आमच्या धाकट्यावर गेलंय.'

अक्रोडाची घळ. आमच्या परसातून वर पाहिलं तर दिसते. गावातली कुत्री तिथल्या ओढ्यावर पाणी प्यायला जातात.

३१ जानेवारी

आळीतल्या म्याओ काकूंचा ग्वोबिन शहरातून आला. नव्या वर्षाच्या सणाला आईसाठी काय आणलं? पांढरंशुभ्र, लोकरीच्या गोळ्यासारखं कुत्र्याचं पिल्लू, बाजारातून! काकू आधी ओरडल्या — 'मला खायला कोंबडी आणायची सोडून हे काय आणलंस? ह्याला भरवू का मला खाऊ?' मग दिवसभर त्याला अंगरख्यात घेऊन फिरत होत्या. त्यांचा म्हातारा कुत्रा काळू सारखा त्याचं तोंड चाटतोय.

पिल्लू शिंकत होतं. डोळ्यांना चिकटा.

मी म्हटलं, 'काकू, ह्याला वेगळं ठेवा. आणि काळूला बांधा थोडे दिवस.'

'अगो डॉक्टरीणबाई! मग तो लाल दोरा कशाला बांधलास? शोभेला?'

सगळे हसले. मीही.

१ फेब्रुवारी

छू मॅडमना निरोप पाठवला — थोडी लस आणखी मिळेल का? लगेच उत्तर आलं: 'का? कमी पडली? सगळ्यांना दिलीस ना?'

तेव्हा सांगता आलं असतं. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नाही हेही कळत होतं. मी लिहिलं — 'दिली. सहज विचारलं.'

हे आता दुसरं खोटं. पहिलं वेळ नव्हता म्हणून, असं म्हणता येईल. ह्याला काय म्हणू? मी पडवीत एकटी होते, घाई कसलीच नव्हती.

३ फेब्रुवारी

काठी घेऊन घळीच्या तोंडाशी बसले. कुत्री वर निघाली की हाकलायची. पिवळा आमचाच, तो मला बघून शेपूट हलवत आला आणि खेळ समजून काठीच पळवली. शी काकांनी वरून पाहिलं. 'काय गं, राखण करतेस?' म्हटलं, 'सरपण गोळा करतेय.' हातात एक काटकी नाही.

५ फेब्रुवारी

पिल्लू मेलं.

६ फेब्रुवारी

काकूंनी त्याला पेरूएवढ्या खड्ड्यात पुरलं, असं ग्वोबिन म्हणाला. चुकीचं लिहिलं — इथे पेरू कुठला. तो 'वाटीएवढ्या' म्हणाला. पेरू मी गेल्या वर्षी शहरात खाल्ला होता, तो डोक्यात राहिला. एवढी बारीक चूक लगेच सुधारता येते मला!

काकूंच्या अंगणात माणसं जमली होती. ग्वोबिन घाबरलेला. 'शहरात म्हणतात एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. आपल्या काळूला, बाकीच्यांना…'

आजोबा काठी टेकत उभे राहिले. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात, सगळ्या आळीला ऐकू जातं. 'ज्याच्या गळ्यात दोरा आहे त्याला काही होणार नाही. माझ्या नातीने टोचलंय. मी समोर बसलो होतो.'

संपलं. कोणी पुढे विचारलं नाही. आजोबा म्हणजे गावाचे दांग डॉक्टर, ते म्हणाले ना! संध्याकाळी सगळी कुत्री मोकळीच.

आजोबांनी शब्द दिला आणि तो माझ्या खोट्यावर उभा आहे. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात त्यांनी असा शब्द फुकट दिलेला नाही. मी बाजूलाच होते. त्यांच्या अंगरख्याच्या बाहीला गवताची काडी लागली होती, ती काढली.

७ फेब्रुवारी

म्याओ काकू सकाळीच दारात. 'काळूचा दोरा वर कुठेतरी झुडपात अडकून तुटला वाटतं. नवा दे बाई. नाहीतर तुझे चौकीवाले माझ्या म्हाताऱ्याला बांधून घालतील.'

काळू त्यांच्या पायाशी. नाक कोरडं.

दोरा नाही दिला तर कारण सांगावं लागेल. मी लोकर आणली, गाठ मारली. काळूने माझं मनगट चाटलं.

दुसऱ्यांदा बांधला. पहिल्या वेळी निदान आशा होती.

१० फेब्रुवारी

आज चूलदेव स्वर्गात जायचा दिवस. वर्षभर चुलीवरच्या भिंतीवरून आमचं सगळं बघतो आणि आज वर जाऊन सांगतो. म्हणून जाण्याआधी त्याच्या चित्राच्या तोंडाला चिकट साखर चोपडायची — गोड तेवढंच बोलावं म्हणून. चोपडायचं काम लहानपणापासून माझं.

आई म्हणाली, 'जाड लाव. यंदा शेजारणीशी दोनदा भांडलेय मी. आणि मामंजींच्या सुपात मीठ जास्त पडलं होतं ते पण बघितलंय त्याने.'

आजोबा म्हणाले, 'काय म्हणते?'

'काही नाही मामंजी, देवाला साखर घालतोय.'

'तुझ्या हातचं मीठ खाऊन त्यालाही तहान लागली असेल.'

आई हसली, पण मान खाली गेली. अशी रोजचीच टोचणी. ती ह्या घरात आल्यापासून सांडणारी, विसरणारी, वेंधळी. पेटीचं कळलं तर काय होईल? ह्यापुढे ती चुलीजवळची फळी पुसायलाही घाबरेल. हेही एक कारण आहे मी न बोलण्याचं. मोठं नाही. पण मी ते मोठं करून वापरते आहे, हे इथे लिहून ठेवते.

देवाचं चित्र त्या फळीच्या बरोबर वर आहे. पेटी रात्रभर त्याच्या नजरेखाली होती. मी साखर चोपडत राहिले, ओठांच्या बाहेर गेली, दाढीला लागली. आई ओरडली, 'अगं, गुदमरवतेस का त्याला!'

देवाला वर धाडायला आजोबांनी चित्र जाळलं. साखरेचा करपलेला वास अजून घरात आहे.

११ फेब्रुवारी

काळू आजारी. डोळे चिकटलेले, खोकतो, पंजाच्या गाद्या टणक झाल्या आहेत. काकूंनी आजोबांना हाताला धरून नेलं. मी मागे.

आजोबांनी त्याला खूप वेळ तपासलं. नाकाला हात, गाद्यांना हात, पापणी उलटून पाहिली. बोलायला तोंड उघडलं — मला वाटलं आता म्हणणार. मग त्यांचा हात गळ्यातल्या दोऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला.

'नाही,' म्हणाले. 'ते नाही. सर्दी असेल. काढा द्या.'

घरी येताना वाटेत बसले. धाप नव्हती लागली, नुसतेच बसले. मला म्हणाले, 'युनझी, मला तो डिस्टेंपरच दिसला. हाताला, डोळ्याला, वासाला सुद्धा. आणि तो तर असू शकत नाही. तू टोचलेलं कुत्रं आहे. म्हणजे माझी नजर गेली. बरं झालं कळलं. कोणाची गाय माझ्यापायी मरायला नको.'

घरी आल्यावर त्यांनी आपली चामड्याची पिशवी — सुया, चिमटे, सगळं — माझ्या खाटेवर आणून ठेवली. 'आता ही तुझी.'

त्यांची नजर गेलेली नाही. त्यांना जे दिसलं ते बरोबर दिसलं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, 'आजोबा, सूप गार होतंय.'

पिशवी समोर आहे. तिच्याकडे बघवत नाही.

१२ फेब्रुवारी

ठरवलं. कंदिलांचा सण झाला की सांगायचं. तोवर बाबा बोगद्याच्या कामावरून येऊन परत गेलेले असतील, पाहुणे गेलेले असतील, सणात कोणाच्या तोंडची चव जाणार नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात. योग्य वेळ. ठरल्यावर बरं वाटलं. भूक लागली, दोन वाट्या भात खाल्ला.

तोवर कुत्र्यांवर मी लक्ष ठेवीन.

(हे वाचून पाहिलं. लक्ष ठेवीन! काठी घेऊन बसलेली ती कोण होती?)

१३ फेब्रुवारी

सकाळी शी काकांनी घळीतल्या झाडावरच्या कॅमेऱ्यातले फोटो उतरवून आणले. चौकीवर सगळे त्यांच्याभोवती. हसण्याचा एवढा आवाज की मी बाहेरून धावत गेले.

फोटो फार सुंदर आहे. बर्फ. ते दीड वर्षाचं पोर ढुंगणावर बसलंय, पाय पसरून, माणसासारखं. आणि तोंडात — लाल लोकरीचा दोरा. एक टोक दातांत, दुसरं पंजात धरून ताणतंय. पुढच्या फोटोत दोरा चघळतंय. त्याच्या पुढच्यात आई मागून येऊन पोराचं तोंड चाटते आहे.

'घ्या!' शी काका म्हणाले. 'युनझीने वरच्यांना पण लस दिली!'

'गळ्यात नाही बांधला, दातात बांधला!'

छू मॅडमना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं. म्हणाल्या, हा फोटो वरच्या कचेरीत पाठवूया, सणाच्या शुभेच्छा म्हणून. दुपारपर्यंत गावात प्रत्येकाच्या फोनवर. म्याओ काकूंनी तर आजारी काळूला दाखवला — 'बघ रे, तुझा दोरा कुठे पोचला!'

कोणालाच दिसलं नाही. दिसणार कसं? त्यांच्यासाठी दोरा म्हणजे लस. हा दोरा आजारी कुत्र्याच्या गळ्यात होता, त्याच्या लाळेत भिजलेला, हे फक्त मला दिसत होतं. मी त्यांच्यात उभी राहून फोटो बघत होते आणि चेहरा हसरा ठेवला होता. गाल दुखले.

घरी आजोबांनी फोन डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ. मग मला विचारलं, 'हे पोर चघळतंय तो दोरा काळूचा का?'

म्हटलं, 'हो.'

'मग हसतायत कशाला सगळे?' आणि लगेच, स्वतःशीच — 'नाही, नाही. लस झाली आहे. मी म्हातारा झालो.'

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ

मार्च नाही. उद्या, शनिवार, १४ फेब्रुवारी, सकाळी, दारं उघडून कुत्री बाहेर पडायच्या आत. आधी आजोबांना: पिशवी त्यांच्या खाटेवर परत ठेवायची आणि सांगायचं की नजर शाबूत आहे. मग छू मॅडमना फोन, सगळं, एक तारखेच्या निरोपासकट. मग कात्री घेऊन दारोदार. प्रत्येक दोरा कापायचा, प्रत्येक दारात कारण मोठ्याने सांगायचं, कुत्रं बांधायला लावायचं. पेटी कोणी हलवली असं विचारलं तर सांगेन. पण त्याच श्वासात हेही, की आईला मी सांगितलं नव्हतं आणि पेटी उघडली तेव्हा कोमट बाटली माझ्या हातात होती.

पोराच्या तोंडात गेलेला दोरा कापता येणार नाही.

कात्री उशाशी घेतली आहे. पहिला दोरा आमच्या पिवळ्याचा.